मोडकी दुरुस्त करावी, किट जोडावं की फळीतून घडवावी? बेताच्या पैशांत घरची इलेक्ट्रिक गिटार

मी गिटार पहिल्यांदा उघडली ती नाइलाजाने. केबल जरा हलली की आवाज जायचा. जॅकची पट्टी काढली तर आत एक वायर सुटून लोंबत होती. डाख कसा द्यायचा हे तेव्हा माहीत नव्हतं, त्यामुळे दहा मिनिटांच्या कामात सबंध दुपार गेली. पण इलेक्ट्रिक गिटारच्या पोटात किती थोडं असतं ते त्या दुपारी दिसलं: दोन-तीन पॉट (नॉबखालचे, आवाज कमी-जास्त करणारे भाग), एक स्विच, एक कपॅसिटर, हातभर वायर. अकूस्टिक गिटारसारखं पातळ फळ्यांचं खोकं नाही, आतून चिकटवलेल्या पट्ट्या नाहीत. लाकडाचा भरीव तुकडा म्हणजे बॉडी, त्याला बसवलेला लांब दांडा म्हणजे नेक, आणि वर सहा तारा.

त्यानंतर बऱ्याच दुरुस्त्या केल्या, एक किट जोडलं, दोन गिटार सुट्या भागांतून उभ्या केल्या आणि एकीची बॉडी फळीपासून कापली. ‘घरी करायचं आहे, पैसे बेताचे आहेत, सुरुवात कुठून करू?’ असं कुणी विचारलं की या चार वाटा मी शेजारी शेजारी ठेवून दाखवतो. इथेही तेच करतो आहे. चौघींना सारखी जागा दिलेली नाही, कारण चारही सारख्याच कामाच्या आहेत असं मला वाटत नाही.

वाट कुठलीही असो, नेक आधी

१९५० साली लिओ फेंडर यांच्या एस्क्वायर आणि ब्रॉडकास्टर या गिटार आल्या. ब्रॉडकास्टरचं नाव पुढच्या वर्षी टेलिकास्टर झालं. त्यांचा नेक चार स्क्रूंनी बॉडीला आवळलेला होता. फेंडर मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे, आणि त्या रचनेत ते लगेच ओळखू येतं: भाग बिघडला तर काढा, दुसरा बसवा. १९५२ मध्ये आलेल्या गिब्सनच्या लेस पॉलमध्ये नेक गोंदाने बसवलेला होता. आवाजासाठी यातलं सरस काय, यावर वाजवणारे तासन्‌तास बोलू शकतात. घरच्या कामासाठी मात्र मी एकच सांगेन, स्क्रूचा नेक घ्या. कोन चुकला तर चार स्क्रू सोडून सुधारता येतो. नेक अगदीच वाया गेला तरी बॉडी, पिकअप (तारांचं कंपन टिपणारे चुंबक आणि गुंडाळी) आणि ब्रिज (तारांचा बॉडीवरचा आधार) हाताशी राहतात.

नेकवर माझा एवढा भर का, ते आकड्यांत पाहा. नटपासून (नेकच्या टोकाला तारा टेकतात ती खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत तारेची जी वाजती लांबी असते तिला स्केल म्हणतात. फेंडर घडणीत ती ६४८ मिमी असते, गिब्सन घडणीत सुमारे ६२८. ६४८ ला १७.८१७ ने भागलं की पहिल्या फ्रेटचं (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीचं) नटपासूनचं अंतर मिळतं: ३६.३७ मिमी. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागलं की दुसरा फ्रेट मिळतो. असं करत गेलं की १२वा बरोबर मध्यावर, ३२४ मिमीवर येतो. आता समजा फ्रेटसाठी खाच पाडताना करवत अर्धा मिलिमीटर सरकली. पहिल्या फ्रेटवर सूर दीड सेंटही (सेंट हे सुरातला फरक मोजायचं माप) हलत नाही. १२व्या फ्रेटवर मात्र तो पावणेतीन सेंट हलतो आणि २२व्यावर जवळपास पावणेपाच. शेजारच्या दोन फ्रेटांच्या सुरांत १०० सेंटचं अंतर असतं, त्यामुळे एखादी चूक कान सोडून देईल. पण २२ खाचांपैकी पाच-सहा कुठे पुढे, कुठे मागे गेल्या तर ती गिटार कुठल्याही सेटअपने (तारांची उंची, सूर वगैरे जुळवण्याने) पूर्ण सुरात येत नाही. फ्रेटांच्या उंचीचा हिशोब तर याहून बारीक, मिलिमीटरच्या दहाव्या-विसाव्या भागात चालतो.

बॉडीला ही शिस्त लागत नाही. बाहेरची कड दोन मिलिमीटर आत गेली तरी तुमच्याशिवाय कुणाला कळणार नाही. म्हणून पैसे कमी असतील तर ते नेकवर घालावेत आणि हौस बॉडीवर भागवावी. पुढची सगळी तुलना मी याच नजरेने केली आहे.

सेटअप कुणालाच चुकत नाही

मोडकी घ्या नाहीतर किट घ्या, शेवटी सेटअप करावाच लागतो. किट जोडून तारा चढवल्या की वाद्य तयार झालं, असं पुष्कळांना वाटतं. तारा बोटभर वर, पहिल्या फ्रेटवर दाबलं की सूर चढा आणि सातव्यावर खरखर, अशा अवस्थेत ते किट मग कोपऱ्यात पडून राहतं. म्हणून जी गिटार आज हातात आहे तिच्यावर हे काम आधी शिका. त्याला फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती), अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली फूटपट्टी, सूर दाखवणारा ट्यूनर आणि बरोबर मापाच्या एलन की एवढंच लागतं.

नव्या तारा सुरात लावा. पहिला फ्रेट आणि नेक-बॉडीच्या सांध्याजवळचा फ्रेट एकाच वेळी दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात ०.२ ते ०.३ मिमी फट हवी. जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, त्याचा बाक सांभाळणारी सळई) घड्याळाच्या काट्याच्या दिशेने आवळायचा, फटच नसेल तर सैल करायचा. एका वेळी पाव फेरा, मग पुन्हा सूर लावून मोजायचं. रॉडच्या टोकाचा धातूचा नट फिरायला जोर लावावा लागला तर तिथेच थांबा. ट्रस रॉड तुटला की कमी खर्चाचं काम संपलं.

त्यानंतर तारांची उंची. १२व्या फ्रेटवर जाड तारेखाली साधारण २ मिमी आणि बारीक तारेखाली दीड मिमी असली की बहुतेकांच्या हाताला बरी वाटते. शेवटी ब्रिजवरची सॅडल (तार टेकते ते सरकते तुकडे) पुढेमागे करून सुराची जुळणी: १२व्या फ्रेटवर दाबलेला सूर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेल्या सुरापेक्षा) चढा लागला तर सॅडल मागे, उतरा लागला तर पुढे.

पिकअपची उंचीही याच बैठकीत पाहून घ्या. सिंगल कॉइलचे (एका गुंडाळीच्या पिकअपचे) चुंबक तारेच्या फार जवळ आले तर तारेला ओढतात आणि वरच्या फ्रेटांवर जाड तारेचा सूर थरथरल्यासारखा ऐकू येतो. नवीन पिकअप घ्यायचा विचार करणाऱ्या कितीतरी जणांचं काम दोन स्क्रू फिरवून होतं.

मोडकी गिटार

माझी सगळ्यात आवडती वाट हीच, आणि पैशाच्या हिशोबातही बहुधा हीच जिंकते. कारण साधं आहे. ज्या दोषांमुळे जुन्या गिटारची किंमत पडते ते बरेचदा स्वस्तात सुटणारे असतात, आणि जे दोष खरोखर महाग पडतात ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतात. ‘आवाज येत नाही’ म्हटलं की गिऱ्हाईक मागे सरतं. प्रत्यक्षात जॅकमधली वायर सुटलेली असते, नाहीतर पॉटमध्ये धूळ साचलेली असते. ‘तारा जरा वर आहेत, बाकी उत्तम’ हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण त्यामागे जाम झालेला ट्रस रॉड असू शकतो.

आधी स्वस्त दोष. नॉब फिरवताना खरखर येत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून पॉट वीस-तीस वेळा फिरवा. जॅक सैल असेल तर त्याचा धातूचा नट आवळताना आतून जॅक धरून ठेवा. तो सोबत फिरला की आतल्या वायरी पिळून तुटतात. स्क्रूचं भोक मोठं झालं असेल तर आगपेटीच्या दोन काड्या लाकडाचा गोंद लावून ठोका, वाळू द्या आणि पुन्हा बारीक भोक पाडा. तारांच्या नटची एखादी खाच फार खोल गेली असेल तर तिच्यात खायचा सोडा भरून वर सुपरग्लूचा एक थेंब सोडा. क्षणात दगडासारखं घट्ट होतं, मग बारीक कानशीने खाच नव्याने पाडा. सोडा आणि ग्लू एकत्र येताना वाफ निघते, तेव्हा तोंड लांब ठेवा.

पिकअप मेला आहे की जिवंत, हे गिटार न उघडता कळतं. केबल लावा, व्हॉल्यूम आणि टोन पूर्ण उघडा, आणि केबलच्या मोकळ्या टोकाचा शेंडा व त्यामागची नळी यांना मल्टिमीटरच्या दोन कांड्या लावून रोध मोजा. सिंगल कॉइलला साधारण साडेपाच ते सात किलोओहम आणि हमबकरला (दोन गुंडाळ्यांच्या पिकअपला) सात-आठ किंवा त्याहून जास्त आकडा दिसला तर पिकअप ठीक. आकडा थेट शेकड्यांत गेला तर वायर तुटली आहे, पिकअपच्या आत किंवा बाहेर. स्विच एकेक घर सरकवत प्रत्येक पिकअप असा तपासता येतो.

गुणगुणण्याचंही असंच. तारांना हात लावला की गुणगुण कमी होत असेल तर अर्थिंग शाबूत आहे. पोकळीत आतून तांब्याची चिकटपट्टी लावून ती अर्थला जोडली की बराच फरक पडतो. हात लावल्यावर वाढत असेल तर जॅकवरच्या दोन वायरी उलट जोडल्या आहेत का ते आधी बघा.

आता महाग दोष. नेकला पीळ आहे का, हे ब्रिजकडून नटकडे एक डोळा मिटून पाहिलं की कळतं: नट आणि शेवटचा फ्रेट समांतर दिसायला हवेत. ट्रस रॉडचा नट फिरतो पण नेक हलत नाही, किंवा तो आवळून आवळून संपला आहे, अशी गिटार चिकटवलेल्या नेकची असेल तर सोडून द्या. स्क्रूचा नेक असेल तर नव्या नेकची किंमत मनात धरून भाव ठरवा. फ्रेटांवर तारांच्या खोल खाचा पडल्या असतील तर उंची मोजा. नवा मध्यम-मोठा फ्रेट सुमारे १.२ मिमी उंच असतो. निम्म्यावर आला असेल तर घासून सपाट करायला फारसं काही उरत नाही, सगळे फ्रेट बदलावे लागतात, आणि हे पहिल्या गिटारवर करायचं काम नाही.

हेडस्टॉक (तारांच्या खुंट्या असलेलं नेकचं टोक) तुटलेली गिटार पाहून लोक हळहळतात. मला ती संधी वाटते, जर तडा ताजा असेल, लाकडाचे रेषे लांब आणि तिरके फाटले असतील आणि दोन्ही तुकडे कोरडे जुळवल्यावर फट राहत नसेल तर. तुटलेला भाग घासायचा नाही, पुसायचाही नाही. लाकडाचा चांगला गोंद रेष्यांत भरून, क्लॅम्पने दाबून एक दिवस ठेवायचा. असा सांधा पक्का होतो. यात सुपरग्लू वापरू नका. आधी कुणी वापरलेला असेल तर तीही गिटार घेऊ नका, कारण त्याच्यावर पुन्हा गोंद धरत नाही.

किट

खोकं उघडलं की सगळं एकदम मिळतं: कापलेली, भोकं पाडलेली बॉडी, फ्रेट बसवलेला नेक, पिकअप, ब्रिज, तारा. कित्येक किटमध्ये वायरिंगही खोचून जोडायचं असतं, डाख द्यावा लागत नाही. ज्याला लाकूड रंगवायची हौस आहे आणि जोडणी समजून घ्यायची आहे, त्याला किट मनापासून सुचवेन.

मात्र मोडक्या गिटारशेजारी ठेवलं तर दोन गोष्टी खटकतात. पहिली, नेक. किटमधला नेक फ्रेट सपाट केल्याशिवाय क्वचितच नीट वाजतो. फ्रेटांची टोकं हाताला लागतात, नट अर्धवट कापलेला असतो. म्हणजे ज्या कामासाठी सराव आणि हत्यारं दोन्ही लागतात तेच तुमच्याकडे सोपवलेलं असतं. वापरलेल्या गिटारचा नेक निदान काही वर्षं तारांचा ताण सोसून उभा राहिलेला असतो. वाकायचा तेवढा वाकून झालेला असतो, आणि ते तुम्हाला घेण्यापूर्वीच दिसतं. दुसरी, सुटे भाग. ट्यूनर (तारा आवळायच्या खुंट्या), पॉट, स्विच हलक्या प्रतीचे असतात. वर्षभरात ते एकेक करून बदलले की किटची किंमत पहिल्या दिवसाच्या आकड्याच्या बरीच पुढे गेलेली असते.

किट घेणारच असाल तर रंगाच्या आधी सगळं कोरडं जोडून, दोन्ही कडेच्या तारा चढवून बघा. नेक मध्यरेषेवर बसतो का, तारा फ्रेटबोर्डच्या (फ्रेट बसवलेल्या नेकवरच्या फळीच्या) दोन्ही कडांपासून सारख्या अंतरावर राहतात का, ब्रिजला पुरेशी उंची मिळते का. सॅडल तळाला टेकूनही तारा वरच राहत असतील तर बॉडीत नेक बसतो त्या खाचेत, ब्रिजकडच्या टोकाला पातळ पट्टी घाला. अर्ध्या मिलिमीटरच्या पट्टीने ब्रिजपाशी दीड मिलिमीटरच्या आसपास फरक पडतो, म्हणून जपून. हे सगळं रंगानंतर कळलं तर रंग पुन्हा करावा लागतो. माझ्या किटच्या बाबतीत तसंच झालं. शिवाय बॉडीवर आधीच सीलर मारलेला होता, तो मला दिसलाच नाही, आणि लाकडात मुरवायचा रंग डागाडागांनी वर तरंगत राहिला. कच्चं लाकूड पाण्याचा थेंब शोषतं, सीलर मारलेलं शोषत नाही. खोकं उघडल्याबरोबर ही परीक्षा करून घ्या.

चिकटवायच्या नेकचं किट पहिल्या खेपेला नको. गोंद वाळल्यावर कोन सुधारता येत नाही.

सुटे भाग जुळवणं

इथे नेक, बॉडी, पिकअप, सगळं आपल्या निवडीचं. सत्तरच्या दशकात रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलन यांनी कारखान्यातून दुय्यम म्हणून निघालेली बॉडी आणि नेक घेऊन, गिब्सनमधला हमबकर बसवून आपली लाल-पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांची गिटार केली, ती याच जातीची. नेकवर पैसे आणि बाकी ठिकाणी काटकसर, हे माझं गणित या वाटेवर सगळ्यात चांगलं जमतं.

धोका मापांचा. फेंडर घडणीच्या नेकचं बूड साधारण ५५.६ मिमी रुंद आणि बॉडीतली खाच १६ मिमी खोल असते, पण वेगवेगळ्या ठिकाणी घडलेल्या भागांत अर्धा-एक मिलिमीटर इकडेतिकडे असतो. फेंडरच्याच स्ट्रॅटोकास्टरच्या नेकचं बूड गोलसर, टेलिकास्टरचं चौकोनी. चौकोनी बूड गोल खाचेत बसतच नाही. उलट केलं तर कोपऱ्यात फटी राहतात. ब्रिज सहा स्क्रूंचा की दोन खांबांचा, ट्यूनरची भोकं किती मिलिमीटरची, पॉटच्या दांड्यावर दाते १८ की २४ (नॉब त्यावर ठरतो), पॉटच्या मानेसाठी बॉडीतलं भोक पुरतं का, असे दहा प्रश्न ऑर्डरआधी कागदावर हवेत. मी एकदा फक्त फोटो पाहून ब्रिज मागवला आणि स्क्रूंमधलं अंतर चार मिलिमीटरने वेगळं निघालं. जुनी भोकं बुजवून नवी पाडण्यात एक आठवडा गेला.

वायरिंगमध्ये मात्र पैसे वाचतात. सिंगल कॉइलला २५० किलोओहमचे पॉट, हमबकरला ५००, टोनसाठी ०.०४७ किंवा ०.०२२ मायक्रोफॅरडचा साधा कपॅसिटर. महागड्या कपॅसिटरचा कुणाला फरक ऐकू येत असेल तर त्याने जरूर घ्यावा. मी साधाच लावतो.

फळीपासून

क्वीन बँडचे गिटारवादक ब्रायन मे आणि त्यांचे वडील हॅरल्ड यांनी १९६३ मध्ये घरी गिटार करायला घेतली. नेक जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या महोगनीतून, फ्रेटबोर्डवरचे ठिपके शिंपल्याच्या गुंड्यांचे, ट्रेमोलोला (दांड्याने सूर हलवणाऱ्या यंत्रणेला) मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा, दांड्याच्या टोकाला विणकामाच्या सुईचा तुकडा. दोनेक वर्षं लागली. हे वाचून कुणाचेही हात शिवशिवतील, माझेही शिवशिवले. पण त्याच कहाणीतला एक भाग लोक विसरतात. पिकअपही त्यांनी घरी केले होते, तार ओढून सूर वळवला की त्यांतून विचित्र आवाज येई, आणि मग त्यांनी बर्न्स कंपनीचे ट्राय-सॉनिक पिकअप विकत घेतले. वडील इलेक्ट्रॉनिक्सचे अभियंते असूनही. घरी काय करायचं आणि विकत काय घ्यायचं, ही रेघ त्यांनाही ओढावी लागली.

मी ही रेघ बॉडी आणि नेक यांच्यामध्ये ओढतो. बॉडीला ४५ मिमी जाडीची, नीट वाळलेली फळी हवी. एकसंध नसली तरी चालते. दोन-तीन तुकडे रंध्याने सरळ करून जोडले तरी सांधा लाकडाइतकाच पक्का होतो. बासवूड, आल्डर, महोगनी अशी ठरलेली लाकडं आहेत, पण भरीव बॉडीच्या गिटारमध्ये मला लाकडाच्या जातीपेक्षा त्याचा कोरडेपणा आणि वजन जास्त मोलाचं वाटतं. ओलसर फळी आज सरळ दिसेल, सहा महिन्यांनी नेकची खाच वाकडी झालेली असेल. फार जड लाकूड घेतलंत तर खांदा सांगेल.

आधी नऊ-दहा मिलिमीटर जाडीच्या एमडीएफचा (दाबून केलेल्या भुशाच्या फळीचा) साचा करा आणि सगळा वेळ त्यावर घाला. साच्यातली प्रत्येक चूक राउटर (फिरत्या पात्याने लाकूड कोरणारं यंत्र) इमानाने फळीवर उतरवतो. बाहेरचा आकार जिगसॉने रेघेच्या दोन मिलिमीटर बाहेरून कापायचा, उरलेलं राउटरने. एका फेरीत तीन-चार मिलिमीटरच खोल जा. शिंगांच्या टोकाशी रेषे आडवे येतात, तिथे घाई केली तर लाकडाचा ढलपा उडतो. नेकची खाच सर्वांत शेवटी, हातात असलेल्या नेकच्या मापाने करा; पुस्तकी मापाने नको. नेक खाचेत हाताने दाबून बसावा आणि बॉडी उचलली तरी न निसटता राहावा, इतपत घट्ट.

ब्रिजची जागा १२व्या फ्रेटवरून ठरते. नट ते १२वा फ्रेट हे अंतर दुप्पट केलं की पहिल्या तारेचं सॅडल कुठे यावं ते कळतं. ते सॅडल जवळजवळ पुढच्या टोकाला ठेवून मोजा, कारण सहावी तार तीन-चार मिलिमीटर मागे न्यावी लागते. ब्रिजखाली जाणाऱ्या अर्थच्या वायरचं भोक ब्रिज बसवण्याआधी पाडा.

नेकही करायचाच असेल तर खाचा पाडून मिळणारा फ्रेटबोर्ड घ्या. वर काढलेला अर्ध्या मिलिमीटरचा हिशोब त्यामुळे तुमच्या डोक्यावरून उतरतो. शिसवाच्या जातीचा बोर्ड परदेशातून मागवत असाल तर ध्यानात ठेवा: डाल्बर्जिया प्रजातीतल्या (शिसवाच्या गटातल्या) सगळ्या झाडांवर २०१७ पासून साइट्स या, धोक्यातल्या जीवजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचं नियंत्रण आहे. तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली, कच्च्या फळीला नाही. या लाकडाच्या भुशाने काहींना अंगावर चट्टे येतात, दम लागतो. मास्क लावल्याशिवाय ते घासू नका, आणि एमडीएफही नाही.

हत्यारांचा हिशोब

बजेट फसतं ते इथे. भागांची यादी सगळे करतात, हत्यारांची करत नाहीत. दुरुस्तीला सेटअपची चार हत्यारं, मल्टिमीटर आणि सोल्डरिंग आयर्न पुरतं. आयर्न ४० ते ६० वॉटचं घ्या. पॉटच्या पाठीवर अर्थची वायर जोडताना २५ वॉटचं आयर्न तापत राहतं, डाख धरत नाही आणि तोवर पॉट आतून भाजतो. सोल्डर रोझिन असलेलं ६०/४०. नळकामाचा आम्लवाला फ्लक्स वायरी खातो.

फ्रेट सपाट करायला लागणारी सरळ पट्टी घरी होते: जाड काचेवर पॉलिश पेपर चिकटवून त्यावर ॲल्युमिनियमची चौकोनी नळी घासून सरळ करा, मग तिलाच पेपर चिकटवा. नेक ट्रस रॉडने सरळ करून फ्रेटांच्या माथ्यावर मार्करने रेघा ओढा आणि सगळ्या पुसल्या जाईपर्यंतच घासा. उंच फ्रेट शोधायला जुन्या प्लास्टिक कार्डाची कड तीन फ्रेटांवर ठेवून डुगडुगते का पाहिलं तरी चालतं. फ्रेटांना पुन्हा गोलाई देणारी कानस मात्र विकत घ्यावी. तिला पर्याय करायला गेलो तेव्हा दोन फ्रेट खराब केले. चकाकी आणायला स्टील वूल वापरणार असाल तर पिकअप चिकटपट्टीने झाका, नाहीतर लोखंडाचे कण चुंबकाला कायमचे बसतात.

किटला यात क्लॅम्प आणि रंगाचं सामान वाढतं. फळीपासून करायचं तर राउटर, त्याची पाती, जिगसॉ, ड्रिल, रंधा, पटाशी आणि भुसा उडाला तरी चालेल अशी जागा. पहिल्या गिटारचा निम्म्याहून जास्त खर्च हत्यारांवर गेला, असं माझ्या बाबतीत झालं. सुतारकामाची हत्यारं आधीच घरात असतील, किंवा दोन-तीन गिटार करायच्या असतील, तर हे गणित बदलतं.

रंगाबद्दल थोडक्यात: घरी फवारा मारण्यापेक्षा फडक्याने लावायचं तेल किंवा पॉलियुरेथेन बरं. नायट्रोसेल्युलोज लॅकर सुंदर दिसतो, पण त्याची वाफ विषारी आणि पेट घेणारी. जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून टाकू नका, ती आपोआप पेटू शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

मग कुणी काय घ्यावं

वाजवायला चांगली गिटार हवी आणि पैसे एकदाच घालता येतील, तर स्क्रूच्या नेकची मोडकी गिटार. नेक सरळ, ट्रस रॉड चालू, फ्रेट शिल्लक. बाकी काहीही बिघडलेलं असू दे. हातांना घडवायची ओढ असेल तर तीच दुरुस्त केलेली गिटार घेऊन तिच्यासाठी नवी बॉडी कापा: नेक, पिकअप, ब्रिज तिचेच, आणि बॉडी फसली तर जुन्या बॉडीवर सगळं परत चढवता येतं. यापेक्षा कमी जोखमीची पहिली बांधणी मला माहीत नाही. किट त्याच्यासाठी, ज्याला रंगकामात रस आहे आणि फ्रेटांचं काम शिकायचीही तयारी आहे. सुटे भाग त्याच्यासाठी, ज्याला नेमकी कुठली गिटार हवी ते वाजवून वाजवून कळलं आहे.

मोडकी बघायला जाताना पिशवीत मल्टिमीटर, एक केबल, जुनं कार्ड, फूटपट्टी आणि ट्रस रॉडच्या ४ व ५ मिमीच्या चाव्या ठेवा. विकणाऱ्याची परवानगी घेऊन ट्रस रॉड आधी अर्धा फेरा सैल करा, मग हलक्या हाताने पुन्हा आवळा. दोन्ही वेळा नेक हलला पाहिजे. भावाचं बोलणं त्यानंतर.